सरकारी रोजगार-प्रशिक्षणाची पात्रता: वऱ्हाडातील चित्र

सरकारी खर्चाने चालणाऱ्या प्रशिक्षणाला किंवा रोजगार साहाय्याला कोण पात्र, हे ठरवताना वय, शिक्षण, रहिवास, उत्पन्न, जात आणि सध्याची कामाची स्थिती एवढ्याच गोष्टी पुन्हा पुन्हा विचारल्या जातात. अडचण वेगळी आहे. प्रत्येक योजना मोजमाप कशाचे करते, हे बदलत असते. काही योजना व्यक्ती मोजतात, काही तिचे कुटुंब, काही तिचा समाज आणि काही तर तिला कामावर घेणारी आस्थापना. दर्यापूर तालुक्यातली, बारावी झालेली आणि घरी चार एकर कोरडवाहू वावर असलेली एकच मुलगी घेतली, तर ती एका योजनेत स्वतःच्या गुणपत्रिकेवर बसते, दुसरीत घरच्या शिधापत्रिकेच्या रंगावर अडते, तिसरीत आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवर अवलंबून राहते, आणि चौथीत गावाजवळ पुरेशी मोठी आस्थापनाच नसल्याने घरी बसते. म्हणून पात्रतेच्या अटी वाचताना पहिला प्रश्न ‘अट काय’ हा नसून ‘मोजले कोणाला जाते’ हा आहे.

वऱ्हाडातल्या अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण इथल्या रोजगाराचा पाया पावसावर आहे. कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा ही पिके, त्यांच्यामागे येणाऱ्या जिनिंग-प्रेसिंग, अकोल्याच्या डाळ मिल आणि तेल गिरण्या, वरुड-मोर्शीकडची संत्री, पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा खारपाणपट्टा आणि उत्तरेला धारणी-चिखलदऱ्याचा मेळघाट. यातले बरेचसे काम हंगामी आहे. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत माणसे कमी पडतात, उन्हाळ्यात तीच माणसे रिकामी असतात. नोंदणीकृत, पगारपत्रक ठेवणारे कारखाने मोजक्याच औद्योगिक वसाहतींत आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे उभ्या राहणाऱ्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात झाली. देशातल्या अशा सात उद्यानांपैकी ते एक आहे. तिथे लागणारे हात इथलेच असावेत अशी अपेक्षा असेल, तर ते हात प्रशिक्षणाला पात्र ठरणे ही पहिली पायरी आहे.

महाराष्ट्राने रोजगार साहाय्याची सुरुवात जवळजवळ पात्रतेविनाच केली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर पसरली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावण्यात आला. म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या करातून खेड्यातल्या मजुराला काम मिळू लागले. या योजनेत दारिद्र्यरेषेची यादी नव्हती, उत्पन्नाचा दाखला नव्हता, जातीची अट नव्हती. प्रौढ असणे, ग्रामीण भागात राहणे आणि अंगमेहनतीचे अकुशल काम करायला तयार असणे एवढे पुरे होते. ज्याला खरोखर गरज आहे तोच उन्हात माती खोदायला येईल, हा त्यामागचा विचार. गरज तपासण्याचे काम कारकुनाकडून काढून ते कामाकडेच सोपवले गेले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले आणि प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या २०० जिल्ह्यांत अमरावती होता. काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते न मिळाल्यास बेरोजगार भत्ता द्यावा, अशीही तरतूद त्यात होती.

प्रशिक्षणाच्या योजनांना हे तत्त्व लागू करता आले नाही. खड्डा खोदायला शिक्षणाची अट लागत नाही, पण लेथ चालवायला, संगणकावर हिशेब ठेवायला किंवा रुग्णाची शुश्रूषा करायला थोडीफार पूर्वतयारी लागते. शिवाय प्रशिक्षणाच्या जागा मोजक्या असतात. त्यामुळे निवड आली, निवडीबरोबर अटी आल्या आणि अटींबरोबर कागद आले. कागदाची ही परंपरा रोजगार विनिमय केंद्रांपासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, सैन्यातून मोकळ्या झालेल्यांना कामाला लावण्यासाठी ही केंद्रे निघाली. पुढे ती सर्वांसाठी खुली झाली आणि १९५९ च्या कायद्याने आस्थापनांना रिक्त पदे तिथे कळवणे बंधनकारक झाले. ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड’ ही एका पिढीची ओळख होती. आज त्याच कार्यालयाचे नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे आहे, आणि कार्डाची जागा महास्वयं संकेतस्थळावरच्या रोजगार नोंदणी क्रमांकाने घेतली आहे. राज्याच्या बहुतेक प्रशिक्षण योजनांत हा क्रमांक पहिल्याच पायरीवर लागतो. नोंदणी करून विसरून जाणाऱ्या उमेदवाराचे शिक्षण, मोबाइल क्रमांक आणि पत्ता तिथे जुनाच राहतो. बारावीनंतर नोंदणी केलेला मुलगा पुढे पदवीधर झाला तरी यादीत बारावीच दिसतो.

व्यक्ती मोजणाऱ्या योजनांमध्ये सध्या सर्वांत जास्त बोलली जाणारी म्हणजे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ती सुरू झाली. उमेदवार १८ ते ३५ वर्षे वयाचा आणि महाराष्ट्राचा अधिवासी असावा, तो किमान बारावी उत्तीर्ण किंवा आयटीआय, पदविका, पदवी अथवा पदव्युत्तर शिक्षण झालेला असावा, आधार नोंदणी आणि आधारशी जोडलेले बँक खाते असावे, आणि रोजगार नोंदणी क्रमांक असावा, अशा तिच्या अटी आहेत. विद्यावेतन शिक्षणावर ठरते. बारावीला दरमहा ६,००० रुपये, आयटीआय आणि पदविकेला ८,००० रुपये, पदवीधर आणि त्यापुढच्यांना १०,००० रुपये. ते आस्थापनेकडून नव्हे, शासनाकडून थेट खात्यात येते. सुरुवातीला कालावधी सहा महिन्यांचा होता, २०२५ मध्ये तो ११ महिने करण्यात आला.

या अटींमध्ये उत्पन्नाची मर्यादा नाही आणि जातीचीही नाही. वरवर ही अतिशय मोकळी योजना वाटते. पण तिच्यात दोन अटी अशा आहेत की वऱ्हाडातले बरेच तरुण तिथे थांबतात. पहिली बारावीची. दहावीत नापास होऊन वावरात किंवा मिलमध्ये लागलेला मुलगा इथे येऊच शकत नाही, आणि कामाचे शिक्षण सर्वांत जास्त त्यालाच हवे असते. दुसरी अट अशी की, ज्याचे शिक्षण चालू आहे तो अपात्र. नोकरी मिळेपर्यंत हातात काहीतरी असावे म्हणून एम. ए. ला किंवा मुक्त विद्यापीठात नाव घालून ठेवण्याची पद्धत या भागात जुनी आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे बहुतेक जण असेच असतात. त्यांचे नाव एखाद्या हजेरीपटावर असले, की नियमाच्या नजरेत ते विद्यार्थी ठरतात. दुहेरी लाभ टाळावा हा अटीचा हेतू समजण्यासारखा आहे, पण नावापुरता प्रवेश आणि पूर्णवेळ शिक्षण यांतला फरक ती करत नाही, आणि तो करायला हवा होता.

याच योजनेत मोजमापाचा दुसरा अर्धा भाग आस्थापनेचा आहे. उमेदवार पात्र असून चालत नाही, त्याला घेणारी जागाही पात्र असावी लागते. ती महाराष्ट्रात कार्यरत असावी, किमान तीन वर्षांपूर्वी स्थापन झालेली असावी, आणि भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, जीएसटी, उद्योग आधार यांसारख्या नोंदण्या तिच्याकडे असाव्यात. किती प्रशिक्षणार्थी घेता येतील याचीही मर्यादा आहे. उद्योगाला कार्यरत मनुष्यबळाच्या १० टक्के, सेवा क्षेत्राला २० टक्के, तर शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांना मंजूर पदांच्या ५ टक्के. पुण्याजवळच्या हजार माणसांच्या कारखान्यात या हिशेबाने शंभर जागा निघतात. अकोल्याच्या एमआयडीसीतली वीस माणसांची डाळ मिल दोनच देऊ शकते, आणि गावातले दुरुस्तीचे दुकान, ज्याच्याकडे काम भरपूर असते पण भविष्य निर्वाह निधीची नोंदणी नसते, ते एकही देऊ शकत नाही. म्हणून ज्या भागात खासगी आस्थापना लहान, तिथे प्रशिक्षणार्थींचा ओघ तहसील कार्यालये, पंचायत समित्या, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि ग्रामपंचायतींकडे वळतो. तिथे मुदत संपल्यावर नोकरी देण्याचा अधिकार कार्यालयप्रमुखाच्या हातात नसतो, कारण सरकारी भरती वेगळ्या मार्गाने होते. कालावधी वाढवा आणि सेवेत घ्या, ही प्रशिक्षणार्थींची मागणी याच कोंडीतून आली आहे.

बारावीच्या अटीने बाहेर राहिलेल्यांसाठी दुसरे दरवाजे आहेत आणि ते माहीत असणे गरजेचे आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. त्यात वयाची किमान मर्यादा १४ वर्षे आहे, धोकादायक कामांसाठी १८. शिक्षणाची अट कामानुसार बदलते. २०१९ च्या नियमांत तर पाचवी ते नववी शिकलेल्यांसाठीही दरमहा ५,००० रुपये विद्यावेतन धरले होते, दहावीसाठी ६,०००, बारावी आणि आयटीआयसाठी ७,०००, पदविकेसाठी ८,००० आणि पदवीधरांसाठी ९,०००. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१६ पासून केंद्र सरकार विद्यावेतनातला २५ टक्के, पण १,५०० रुपयांपर्यंतचाच, वाटा उचलते. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे कामगार कायद्यांचे बहुतेक संरक्षण त्याला मिळत नाही, हे करारावर सही करण्याआधी समजून घ्यावे. आयटीआयमध्येही काही व्यवसायांना दहावी नापास उमेदवारांना प्रवेश मिळतो.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ ला सुरू झाली. तिच्या चौथ्या टप्प्यात अल्पकालीन प्रशिक्षणासाठी १५ ते ४५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. तिचा एक कमी परिचित भाग म्हणजे आधीपासून अवगत असलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणे, आणि तिथे वय १८ ते ५९ पर्यंत चालते. जिनिंगमध्ये दहा हंगाम यंत्र सांभाळलेल्या किंवा गवंड्याच्या हाताखाली आयुष्य काढलेल्या माणसाला नवे शिकवायची गरज नसते, त्याला येते ते कागदावर आणायची गरज असते. राज्याने १९ ऑक्टोबर २०२३ रोजी ५११ गावांत सुरू केलेली प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे हा याच मार्गाचा गावपातळीवरचा भाग आहे. रोज तालुक्याला जाणे ज्या मुलींना घरून परवानगीअभावी किंवा एसटीच्या वेळांमुळे जमत नाही, त्यांच्यासाठी केंद्र गावात असणे हे वयाच्या अटीइतकेच निर्णायक आहे.

कुटुंब मोजणाऱ्या योजनांचा हिशेब अगदी वेगळा. २५ सप्टेंबर २०१४ रोजी सुरू झालेली दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना महाराष्ट्रात ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत राबवली जाते. प्रशिक्षण मोफत, बहुधा निवासी, आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेवर किमान ७० टक्के उमेदवारांना नोकरी लावून देण्याची जबाबदारी. वय १५ ते ३५, महिला, दिव्यांग, अतिमागास आदिम जमाती आणि तृतीयपंथी यांच्यासाठी ४५ पर्यंत. पण मुख्य अट कुटुंबाची आहे. उमेदवार गरीब ग्रामीण कुटुंबातला असावा. ते ठरवायला अनेक पर्याय ठेवले आहेत. कुटुंब दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल, अंत्योदय किंवा दारिद्र्यरेषेखालचे शिधापत्रक असेल, घरातली बाई उमेदच्या बचत गटात असेल, किंवा घरातल्या कोणी आदल्या वर्षी रोजगार हमीवर किमान १५ दिवस काम केले असेल, यांपैकी एक गोष्ट पुरते. या कशातच न बसणारे कुटुंब गावाने मिळून केलेल्या गरिबांच्या निश्चितीतूनही पात्र ठरू शकते.

यातला रोजगार हमीचा पर्याय विशेष महत्त्वाचा आहे. दारिद्र्यरेषेखालचे, म्हणजे पिवळे, शिधापत्रक १९९९ च्या पद्धतीनुसार वार्षिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी होते. केशरी त्याहून जास्त पण एक लाखापर्यंत, पांढरे त्यापुढे. एवढ्या जुन्या आकड्याने आजची गरिबी मोजता येत नाही. एकदा केशरी झालेले कार्ड घरावर कितीही कर्ज चढले तरी आपोआप पिवळे होत नाही. याउलट हजेरीपटावरचे १५ दिवस ही ताजी, दरवर्षी नवी होणारी आणि कोणाच्या मर्जीवर नसलेली खूण आहे. बापाने शेततळ्याच्या खोदकामावर केलेल्या १५ दिवसांमुळे मुलीला नागपूर-पुण्यात मोफत निवासी प्रशिक्षण मिळू शकते. अट एवढीच, की ते दिवस जॉब कार्डावर नीट चढलेले असावेत. ठेकेदाराच्या वहीत राहिलेले दिवस इथे मोजले जात नाहीत.

बचत गटाची अटही अशीच काम करते. अमरावती आणि अकोल्याच्या गावांत उमेदचे गट सर्वत्र आहेत. आई गटात असली, की मुलाच्या पात्रतेचा पुरावा तयार असतो, आणि ही गोष्ट घरातल्या पुरुषांना बहुतेक वेळा ठाऊकच नसते.

स्वतःचा धंदा काढू पाहणाऱ्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात आघाडीच्या बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. या दोन्ही जिल्ह्यांत आघाडीची बँक सेंट्रल बँक ऑफ इंडिया आहे. या संस्थांचे मूळ कर्नाटकातील धर्मस्थळाजवळ उजिरे येथे १९८२ साली झालेल्या प्रयोगात आहे. १८ वर्षे पूर्ण झालेल्या ग्रामीण बेरोजगाराला तिथे राहण्या-जेवणासह मोफत शिकवले जाते आणि पुढची दोन वर्षे कर्ज व व्यवसायासाठी पाठपुरावा होतो. शेळीपालन, शिवणकाम, दुचाकी दुरुस्ती, ब्यूटी पार्लर असे अभ्यासक्रम इथे चालतात. प्रशिक्षणाला पात्र होणे सोपे आहे, पुढचे कर्ज मिळणे वेगळे, कारण तिथे बँक स्वतःच्या नजरेने माणूस मोजते.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. हाताने आणि अवजाराने काम करणाऱ्या १८ पारंपरिक व्यवसायांसाठी ती आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, गवंडी, न्हावी, परीट, शिंपी, टोपल्या-चटया-झाडू विणणारे असे त्यांत येतात. वय किमान १८, आणि कमाल मर्यादा नाही. इथे जात विचारली जात नाही, काम विचारले जाते. तिफण आणि डवरे घडवणारा सुतार कोणत्याही जातीचा असला तरी चालतो, मात्र तो ते काम स्वतः, असंघटित क्षेत्रात आणि स्वयंरोजगार म्हणून करत असायला हवा. एका कुटुंबातून एकालाच लाभ, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर पूर्ण घर बाहेर. मागच्या पाच वर्षांत मुद्रा, पथविक्रेत्यांची स्वनिधी किंवा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम अशा योजनेतून कर्ज घेतले असेल तरी अपात्र, पण मुद्रा किंवा स्वनिधीचे कर्ज पूर्ण फेडलेले असेल तर पात्र. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आणि त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज.

या योजनेतली तपासणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. अर्जदार खरोखर ते काम करतो, हे आधी सरपंचाने मान्य करायचे, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती, मग वरची छाननी समिती. शेजारच्या वाड्यात कोण टोपल्या विणतो हे सरपंचाला माहीत असते, हा या पद्धतीचा गुण आहे. सरपंचाशी ज्याचे पटत नाही त्याचा अर्ज पहिल्याच पायरीवर राहू शकतो, हा तिचा दोष आहे. मेळघाटात, जिथे बांबूकाम हा अनेक कुटुंबांचा आधार आहे, तिथे पाड्यावरच्या कारागिराला आधी सेवा केंद्रापर्यंत पोहोचून बोटांचे ठसे द्यावे लागतात. मोबाइलची रेंज नसली किंवा बांबू सोलून बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्या, तर अर्ज पुढे सरकत नाही.

समाज मोजणाऱ्या पात्रतेत वऱ्हाडाचा इतिहास थेट उतरतो. आदिवासी उमेदवारांसाठी अचलपूर येथे रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र आहे. तिथे साडेतीन महिन्यांचे मोफत स्पर्धा परीक्षा प्रशिक्षण दरमहा विद्यावेतनासह चालते. त्यासाठी अनुसूचित जमातीचा दाखला लागतो. हा दाखला कोणाला मिळावा याला एकेकाळी तालुक्याची सीमा होती. १९७६ पर्यंत विदर्भाच्या या भागात कोरकूंसह अनेक जमातींना अनुसूचित जमातीचा दर्जा होता तो ठरावीक तालुक्यांपुरता, आणि अमरावती जिल्ह्यात तो तालुका म्हणजे मेळघाट. सातपुड्यातून खाली अकोट-तेल्हाऱ्याकडे उतरलेले कोरकू कुटुंब त्याच भाषेचे आणि त्याच कुळाचे असूनही यादीबाहेर राहत होते. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन काढले. आज अडचण दुसऱ्या सीमेची आहे. धारणीच्या पलीकडे मध्य प्रदेश आहे, आणि बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर जिल्ह्यांतल्या कोरकूंशी इथल्यांचे सोयरसंबंध आहेत. कोरकू जमात दोन्ही राज्यांत अनुसूचित असली तरी जातीचा दाखला मूळ राज्याचाच धरला जातो, आणि स्थलांतराबरोबर त्याचे लाभ दुसऱ्या राज्यात येत नाहीत. लग्न करून इकडे आलेल्या मुलीला याच कारणाने महाराष्ट्राच्या योजनेत अडथळा येतो.

दाखल्यासाठी रहिवासाची जी तारीख सिद्ध करावी लागते तीही याच इतिहासातली. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधी पूर्वज आजच्या महाराष्ट्रात राहत होते, हे दाखवायचे. १९५० साली अमरावती आणि अकोला हे जिल्हे त्या वेळच्या मध्य प्रदेशात होते, त्यामुळे जुनी कागदपत्रे त्या राज्याच्या किंवा त्याआधीच्या मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या नावाची निघतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल हे यातले मोलाचे कागद. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत आणि ज्यांच्या नावावर जमीनही नव्हती, अशा भटक्या जमातींच्या घरांना हा पुरावा सर्वांत अवघड जातो. विशेष प्रशिक्षण संस्थाही समाजानुसार वाटलेल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा यांच्यासाठी सारथी. वऱ्हाडात कुणबी समाज मोठा आहे आणि तो इतर मागासवर्गातही येतो, तेव्हा कुठल्या संस्थेकडे अर्ज करायचा हे प्रत्येक जाहिरातीतला लक्ष्यगट वाचूनच ठरवावे लागते.

उत्पन्नाच्या बाबतीत शेतकरी घरांचा घोळ नेहमी होतो, कारण दोन दाखल्यांत शेतीचे उत्पन्न दोन वेगळ्या पद्धतीने धरले जाते. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यात शेतीचे उत्पन्न येते. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तसा अहवाल देतात. नॉन-क्रिमीलेअरची आठ लाखांची मर्यादा तपासताना मात्र आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न मोजत नाहीत. त्यामुळे एका दाखल्यावर अडलेला मुलगा दुसऱ्यात सहज बसू शकतो, आणि उत्पन्न जास्त दिसते म्हणून नॉन-क्रिमीलेअरचा अर्जच न करणारे घर विनाकारण स्वतःचे नुकसान करून घेते.

राज्याचा अधिवास दाखला साधारणपणे १५ वर्षांच्या सलग रहिवासावर मिळतो. ऊसतोड, वीटभट्टी किंवा बांधकामासाठी दरवर्षी बाहेर जाणाऱ्या घरांत मुलांच्या शाळाच बदलत गेलेल्या असतात, आणि सलग रहिवास दाखवणारा कागद तिथेच तुटतो. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या बाबतीत गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि जातीचा दाखला वडिलांच्या नावाने, अशी तीन नावे एकाच अर्जात येतात. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडल्याशिवाय ही सांगड बसत नाही. दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

शेवटची पायरी बँकेची, आणि निवड होऊनही विद्यावेतन न येण्याचे नेहमीचे कारण तिथे असते. खात्याला आधार क्रमांक देणे आणि ते खाते थेट लाभासाठी राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत चढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधारवर पाठवलेला पैसा त्या नोंदीत जे खाते शेवटचे जोडले गेले त्यातच जातो. जनधनचे जुने खाते, नंतर उघडलेले पोस्टाचे खाते आणि अर्जात लिहिलेले तिसरेच, असे असेल तर पैसे कुठे गेले ते उमेदवाराला कळतही नाही. कोणते खाते जोडलेले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर आधीच पाहता येते.

दाखला वेळेत मिळाला नाही म्हणून अर्जाची मुदत टळली, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. तिच्यावर कायद्याचा उपाय आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली उत्पन्न आणि अधिवासाच्या दाखल्यासाठी १५ दिवसांची मुदत ठरलेली आहे. सेतू किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज केल्याची पावती त्या दिवसापासून पुरावा ठरते. मुदत उलटली किंवा अर्ज कारण न देता नाकारला, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील ३० दिवसांत, मग दुसरे, आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे करता येते. आयोगाच्या अमरावती विभागाचे आयुक्त अमरावतीतच बसतात. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद या अधिनियमात आहे. योजनेतली निवडच नाकारली गेली असेल, तर नाकारण्याचे कारण आणि निवड यादी माहितीच्या अधिकाराखाली मागता येते, आणि त्या उत्तराच्या आधारे जिल्हा कौशल्य विकास केंद्राकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरविचाराचा अर्ज देता येतो.